नकोसं होण्याचा आशीर्वाद

ब्रिमहॉलने देवाला आठवड्याची मुदत दिली ती सोमवारी सकाळी, गुडघ्यांवर बसून, अगदी नम्रपणे. रविवारी संध्याकाळी सात वाजता मिशनच्या अध्यक्षांचा फोन यायचा होता. तोवर तू आहेस असं काही कळलं तर राहतो, नाहीतर सांगून टाकतो की मला घरी पाठवा. आयडाहोत वडिलांचं बटाट्याचं शेत होतं, तिथे कामाला माणूस लागतच होता. आठ महिने तो रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करत होता आणि पलीकडून हूं नाही की चूं नाही.

मॉर्मन प्रचारकाने एकटं राहायचं नसतं, म्हणून जोडीला किंजो होता. किंजो ओकिनावाचा. त्याने एकोणीस वर्षांत बर्फ पाहिला होता तो फक्त सरबतातला, आणि त्याला पाठवलं होतं अकिताच्या डोंगरात, जिथे जानेवारीत लोक वरच्या मजल्याच्या खिडकीतून घराबाहेर पडतात. तो रोज बर्फाला नवीन शिवी शोधायचा आणि मग पश्चात्ताप करायचा.

या थंडीत धर्माचं ऐकायला कोणी दार उघडेना, म्हणून दोघांनी गावात चिठ्ठ्या वाटल्या होत्या: 'छपरावरचा बर्फ काढून देऊ. दोन चोरो आपल्या सेवेला हजर.'

चोरो म्हणजे मराठी कानाला वाटतं ते नव्हे. चोरो म्हणजे गावचा ज्येष्ठ, पांढऱ्या भुवयांचा, ज्याच्या एका खाकरण्याने बांधावरचं भांडण मिटतं असा. चर्चने आपल्या पोरांच्या 'एल्डर' या पदवीचं फार पूर्वी तसं भाषांतर करून ठेवलं होतं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं ते कोटावर लावून हिंडायची.

सोमवारी दुपारी फोन आला. कुमागाई फुमिए नावाची बाई.

"तुमच्यात मोठे चोरो कोण?"

"मी," ब्रिमहॉल म्हणाला. तो किंजोपेक्षा चार महिन्यांनी मोठा होता.

"मग तुम्हीच या. आमचे हे लहान माणसाचं ऐकत नाहीत."

मंगळवारी दोघे फावडी घेऊन गेले. फुमिएबाईंनी दार सरकवलं, वाकून नमस्कार केला आणि दोघांच्या मधून मागे पाहिलं.

"चोरोसान मागून येतायत?"

"आम्हीच," किंजो म्हणाला.

"दोघंही?"

"दोघंही."

बाईंनी दार आणखी थोडं सरकवलं. मग म्हणाल्या, "बूट काढा. आता बोलावलंय तर या."

आत रॉकेलच्या शेगडीशी तोकुजी बसले होते. वय चौऱ्याऐंशी, सगळा जन्म देवदाराची झाडं तोडण्यात गेलेला. आता हृदयाची झडप गेली होती. शुक्रवारी ऑपरेशनची तारीख होती आणि म्हातारा हॉस्पिटलात जायला तयार नव्हता. मुलाने सांगून पाहिलं, डॉक्टरने सांगून पाहिलं. आपल्यापेक्षा वयाने मोठं कोणी सांगेल तर ऐकतील, एवढीच फुमिएबाईंची आशा उरली होती.

तोकुजींनी ब्रिमहॉलच्या छातीवरची पट्टी वाचली. पुन्हा वाचली. "हे चोरो? मग मी कोण, बुद्ध?"

"माफ करा," ब्रिमहॉल म्हणाला.

"माफी कसली मागता, आजोबा. बसा. गुडघे दुखत असतील."

फुमिएबाईंनी चहा आणला. दोघांनी आमच्या धर्मात चहा चालत नाही म्हणून सांगितलं. कॉफी? तीही नाही. साके? तोकुजी म्हणाले, "गरम पाणी दे त्यांना. या वयात पथ्य सांभाळावं लागतं."

बुधवारी त्यांनी छप्पर साफ करायला घेतलं. तोकुजी आतून काचेवर काठी आपटून सूचना द्यायचे. फावडं असं नाही धरत, आजोबा. कंबर वाकवू नका, अडकून बसाल. अकरा वाजता किंजो छपरावरून घसरला आणि डोकं खाली करून अंगणातल्या बर्फात रुतला. वर नुसते दोन बूट. ब्रिमहॉलने ओढून काढलं तेव्हा तो म्हणाला, "आत फार शांत होतं. तुझ्या प्रार्थनेत असतं तसं." ब्रिमहॉलला हसू आलं नाही. मुदतीचे तीन दिवस संपत आले होते, आणि हातांना आलेल्या फोडांखेरीज देवाकडून काही आलं नव्हतं.

गुरुवारी फुमिएबाई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पातेल्यातलं सूप उतू जात होतं. किंजोने गॅस बंद केला आणि त्याला राहवेना. आमच्यात एक पद्धत आहे, तो म्हणाला. आजारी माणसाच्या डोक्याला पवित्र तेल लावतो, हात ठेवतो आणि आशीर्वाद देतो. मोठा चोरो देतो.

ब्रिमहॉलने त्याला बाजूला ओढलं. "मी देऊ? मला आत काहीच ऐकू येत नाही, तुला माहितीये. ज्याने ऐकलं त्याने बोलायचं असतं."

"मग काय सांगू? आमचे चोरो बहिरे आहेत?"

तोकुजींना विचारलं. ते म्हणाले, "दुखणार नाही ना?"

"अजिबात नाही," किंजो म्हणाला.

तेलाची कुपी ब्रिमहॉलच्या किल्ल्यांना अडकवलेली होती आणि तिच्यातलं तेल तुपासारखं थिजलं होतं. ती मुठीत धरून पाहिली, काखेत धरून पाहिली. शेवटी किंजोने ती शेगडीवरच्या किटलीच्या झाकणावर ठेवली आणि जरा जास्तच वेळ ठेवली. थेंब टकलावर पडताच तोकुजी बसल्या जागी उडाले.

"तळून पाठवताय का मला?"

"माफ करा. माफ करा."

दोघांनी त्या डोक्यावर हात ठेवले. ब्रिमहॉलने डोळे मिटले. म्हाताऱ्याचं नाव घेतलं, येशूचं नाव घेतलं आणि थांबला. आत काहीच नव्हतं, नेहमीसारखंच. शेगडीचा आवाज येत होता. फुमिएबाईंचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासाला काय हवंय ते त्याला कळत होतं. तेव्हा त्याने, ऐकलं नसताना, तेच बोलायचं ठरवलं: तुम्ही लवकरच बरे व्हाल.

जपानीत 'इयासारेरु' म्हणजे बरं होणं. 'इयागारारेरु' म्हणजे लोकांना नकोसं होणं. एवढासा फरक. ब्रिमहॉल गंभीर, भरल्या आवाजात म्हणाला, "कुमागाई तोकुजी, तुम्ही लवकरच सगळ्यांना नकोसे व्हाल."

किंजोचं आमेन घशात अडकलं.

हाताखालचं डोकं हलायला लागलं. ब्रिमहॉलला वाटलं झटका आला, आणि त्याने डोळे उघडले. तोकुजी हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"लवकरच?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. हिला विचारा."

"पन्नास," फुमिएबाई म्हणाल्या.

"महिना झाला, जो येतो तो म्हणतो, बरे व्हाल. डॉक्टर म्हणतो, पोरगा म्हणतो, पोस्टमन म्हणतो. हे आजोबा एकटे खरं बोलले." तोकुजींनी टकलावरचं तेल पुसलं, बोटांचा वास घेतला. "फुमिए, पिशवी भर. जाऊन येतो."

बाहेर पडल्यावर किंजो म्हणाला, "बोलला की नाही देव?"

"ती व्याकरणाची चूक होती."

"तयार झाला ना तो हॉस्पिटलात जायला?"

ब्रिमहॉलने फावडं खांद्यावर घेतलं. पण त्या रात्री प्रार्थना करताना, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, त्याने जरासा कान दिला.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. शनिवारी सकाळी तोकुजी गेले.

फोन फुमिएबाईंचाच होता. "चोरोसान, यांना दुपारी घरी आणतायत. बर्फ काल पुन्हा पडलाय. चौघांना उचलून वळता येईल एवढी वाट हवी."

दोघांनी तीन तास खपून वाट काढली. ब्रिमहॉलच्या फोडांतून रक्त येऊन फावड्याचा दांडा ओला झाला होता. फुमिएबाई बाहेर आल्या तेव्हा त्याने टोपी काढली आणि सकाळपासून तोंडात घोळवलेलं वाक्य, शब्दन् शब्द तपासून, म्हटलं. "माझ्या चुकीमुळे ते गेले."

"हो," बाई म्हणाल्या. "तुमच्याच चुकीमुळे. माझं सांगणं त्यांनी ऐकलं नव्हतं."

तो मान खाली घालून उभा राहिला.

"ऑक्टोबरपासून माझ्याशी धड बोलले नव्हते. शुक्रवारी टॅक्सीत तोंड बंद नाही. ड्रायव्हरला तुमचं सांगितलं. नर्सला सांगितलं. भुलीच्या डॉक्टरला सांगितलं." त्यांनी दारातला बर्फ पायाने बाजूला सारला. "ते बरं झालं की वाईट झालं, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा. चोरो तुम्ही आहात."

"मला माहीत नाही."

"मग डावीकडून अजून हातभर काढा. तिथे वळताना अडकतील."

रविवारी सकाळी चर्चला अकरा माणसं होती, त्यातली दोन झोपली होती. दुपारी दोघे पुन्हा कुमागाईंकडे गेले. संध्याकाळी लोक मयतापाशी रात्र जागवायला येणार होते आणि छप्पर पुन्हा भरलं होतं. ब्रिमहॉल वर चढला, किंजो खाली राहिला. अर्ध्या तासाने किंजोने हाक मारली.

"कोणाशी बोलतोयस?"

"कोणाशी नाही."

"कोणाशी नाही तर ओरडतोस कशाला? आत भटजी आलेत, त्यांना वाटलं छप्पर पडलं."

ब्रिमहॉल फावडं टेकून उभा राहिला. घसा खरवडला होता, म्हणजे बराच वेळ चाललं असणार. काय बोलत होता ते आठवलं तेव्हा त्याला लाज वाटली. हाच म्हातारा का? माझीच जीभ का? नेणारच होतास तर हसवलंस कशाला? एवढं खडसावून त्याने बापालाही कधी विचारलं नव्हतं. आठ महिने तो अर्ज करावा तशी प्रार्थना करत होता. आज त्याने अर्ज केला नव्हता, कॉलर धरली होती. हातात कॉलर लागली होती का, ते त्याला सांगता आलं नसतं. पण रिकाम्या हवेवर माणूस असा अर्धा तास चिडत नाही, एवढं बटाट्याच्या शेतातल्या पोरालाही कळतं. पलीकडून अजूनही हूं नव्हतं. त्याने दोन फावडी बर्फ खाली टाकला आणि मग, या वेळी जरा हळू आवाजात, पुढचं बोलायला घेतलं.

सात वाजता अध्यक्षांचा फोन आला. ब्रिमहॉलने महिन्यापूर्वीच त्यांना आपली शंका सांगून ठेवली होती, तेव्हा त्यांनी हवापाणी विचारलं नाही.

"मग काय ठरलं, एल्डर?"

"आत्ता नाही निघता येणार, अध्यक्ष. माझं भांडण चालू आहे."

"किंजोशी?" अध्यक्षांचा आवाज सावध झाला.

"नाही. किंजोशी नाही."

कोणाशी, ते अध्यक्षांनी विचारलं नाही.

"किती दिवस चालेल?"

"सांगता येत नाही," ब्रिमहॉल म्हणाला. "अजून माझंच बोलून झालेलं नाही."