हिरव्या शाईचा अंदाज

मी तक्ता बोलतोय. हवामान कार्यालयाच्या भिंतीवर यंदा महाविद्यालयांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा जो तक्ता लागला होता, तोच मी. मुळात मी वाऱ्यांचा नकाशा. दुसऱ्याच दिवशी शिळा झालो आणि रद्दीत गेलो. नकाशेवाल्या बाईंनी मला उचललं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पट्टीने सोळा संघांच्या रेघा मारल्या. जन्म दोनदा मिळाला, काम मात्र एकच: लोकांचे चुकलेले अंदाज अंगावर वागवणं.

कार्यालयाचा नियम साधा. सहा जण, सहा रंगांच्या शाया. पहिल्या सामन्याआधी विजेत्यापर्यंत सगळं लिहायचं, खाडाखोड चालणार नाही. ज्याचा अंदाज खरा ठरेल, त्याला वर्षभर खिडकीजवळची खुर्ची. हवामान कार्यालयाला खिडकी एकच, त्यामुळे चुरस भलतीच.

माणसं हुशार, पण सवय जाते कुठे? एकाने माझ्यावर लिहिलं, 'विजयाची शक्यता, तुरळक ठिकाणी पराभव.'

"अहो, संघाचं नाव लिहा, नाव!" बाई कडाडल्या.

मोठे साहेब मात्र शिस्तीचे. त्यांनी पाच वर्षांचे आकडे मांडले, खेळाडूंच्या उंच्या मांडल्या आणि हिरव्या शाईने सोळाव्या क्रमांकाचा संघ पहिल्याच फेरीत बाद केला. त्या संघाची कर्णधार म्हणजे त्यांची सख्खी लेक.

दुपारी ती घराची किल्ली न्यायला आली आणि माझ्यासमोर थबकली. बापाचं अक्षर तिने लगेच ओळखलं.

"बाबा, आम्ही पहिल्याच फेरीत?"

"अगं, आकडे तसं म्हणतात. मी काय करू?"

ती किल्ली घेऊन तडक निघून गेली. पुढे रोज डबा उघडताना साहेब बाईंना सांगत, "घरात हूं नाही की चूं नाही." अर्धा डबा तसाच घरी परत जाई.

मग स्पर्धा सुरू झाली आणि माझी पार दशा झाली. अव्वल संघ पहिल्याच दिवशी आडवा! लेकीचा संघ जिंकला, पुन्हा जिंकला, चक्क अंतिम फेरीत पोचला. सहापैकी एकाही शाईची अब्रू शिल्लक राहिली नाही. शेवटी ठरलं, अंतिम सामन्यापुरतं नव्याने लिहायचं.

समोरच्या संघातल्या मुली ताडमाड उंच. पाच जणांनी डोळे झाकून त्यांचंच नाव लिहिलं.

"साहेब, आकडे काढून देऊ?" बाईंनी विचारलं.

"नको."

त्यांनी लेकीच्या संघाचं नाव लिहिलं. पेन इतकं दाबलं की पाठीवरच्या वाऱ्यांपर्यंत कळ गेली.

लेकीचा संघ एका गुणाने हरला. शेवटचा चेंडू कड्यावर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. इकडे पाच जणांचे अंदाज बरोबर आले, म्हणून खुर्चीवरून पुन्हा भांडण!

दुसऱ्या दिवशी लेक आली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, तुम्ही दोन्ही वेळा चुकलात."

"हो गं. पहिल्यांदा चुकलो तेव्हा इतका आनंद झाला, की कुणाला सांगायची सोय नव्हती. काल मात्र फार वाईट वाटलं."

 स्टुलावर चढून तिने मला हलकेच उतरवलं.

आता मी तिच्या खोलीत असतो. मंडळी, अंदाज बांधा, खुशाल चुका. फक्त घरच्या माणसाचं नाव आलं, की आकडे जरा बाजूला ठेवा. सरावाला निघताना ती रोज त्या हिरव्या नावावर टिचकी मारते. कागदाच्या जिवाला लागतं हो, पण मी हूं की चूं करत नाही.