मेलेल्या टिकल्या

ऑरिन टवेटला पुरून लोक चर्चच्या तळघरात परतले, हॅमचे बन आणि बटाट्याचं सॅलड वाढून घेतलं, आणि गेलन भरलेली ताटली घेऊन थेट ऑरिनच्या बायकोसमोर, आर्लिससमोर येऊन बसला. गेलन त्यांच्या चांदमारीच्या क्लबातला, पंचेचाळिशीचा, खतं विकणारा माणूस. त्याने आधी डोळे मिटून मान हलवली. मग बनचा घास घेतला, आणि घास तोंडात असतानाच म्हणाला,

"फार भला माणूस. मला नेहमी म्हणायचे, गेलन, मी गेलो की माझ्या टिकल्या तुझ्या."

आर्लिसने त्याच्या मिशीला लागलेल्या मोहरीकडे पाहिलं. "कधी म्हणाला?"

"आजारी पडायच्या आधी."

"तो आजारी पडलाच नाही, गेलन. दारातला बर्फ ओढता ओढता खाली बसला, तो उठला नाही."

"मग त्याच्या आधी," गेलन म्हणाला आणि लोणच्याची काकडी उचलली.

टिकली म्हणजे प्रायमर. काडतुसाच्या बुडाशी बसतो तो मसुराएवढा, चकचकीत, दिवाळीतल्या टिकलीचा थोरला आणि गंभीर भाऊ. चाप ओढला की त्याच्यावर ठोका पडतो, ठिणगी उडते आणि आतली दारू पेटते. अमेरिकेतल्या उत्तर डकोटात ज्यांना चांदमारीचा खरा नाद आहे, ते काडतुसं विकत घेत नाहीत. उडवलेल्या पितळी पुंगळ्या वेचून घरी आणतात, धुतात, घासतात आणि हिवाळाभर तळघरात बसून पुन्हा भरतात. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते, शिसं वितळवून गोळी ओतता येते. टिकली मात्र घरी होत नाही. ती दुकानातूनच आणावी लागते, आणि गेली दोन वर्षं दुकानात ती नव्हती.

का नव्हती याची प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट होती. कुणी सरकारला शिव्या द्यायचं, कुणी कारखान्यांना. आर्लिसने मात्र डोळ्यांनी पाहिलं होतं ते एवढंच, की गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात माल येणार अशी कुणकुण लागली की उजाडायच्या आत दारात घडीच्या खुर्च्या मांडल्या जायच्या. 'एका माणसाला एक डबी' अशी पाटी लागली, तर माणसं बायकांना आणू लागली. गेलनने एकदा वृद्धाश्रमातून सासूला चाकाच्या खुर्चीवरून आणून रांगेत उभं केलं होतं. म्हणजे बसवलं होतं. म्हातारीला वाटलं, जावई आपल्याला कुठे जेवायला नेतोय. ती लिपस्टिक लावून आली होती. डबी हातात पडल्यावर गेलनने तिला परत पोचवलं, आणि तीच डबी पुढच्या महिन्यात बंदुकांच्या जत्रेत त्याच्या टेबलावर दिसली, सहापट भावाने.

आर्लिसला तेव्हापासून गेलनची शिसारीच होती. पण त्या एकट्याचीच होती. दफनानंतरच्या आठवड्यात तिला कळलं की एकट्याची पुरणार नाही.

लोक गरम भांडी घेऊन यायला लागले. हे रीतीचंच होतं. घरात मरण झालं की शेजारणी बटाटा, खिमा आणि चीज एकत्र भाजून, वर चांदीचा कागद लावून पाठवतात. पण या वेळी भांडी बायका नव्हे, नवरे घेऊन येत होते. भांडं ओट्यावर ठेवायचं, टोपी काढायची, ऑरिनबद्दल दोन वाक्यं बोलायची, आणि तिसऱ्या वाक्याला डोळे तळघराच्या दाराकडे, जिथे ऑरिनने साठवलेले टिकल्यांचे खोके होते. दाताच्या डॉक्टरांनी बाथरूम कुठे म्हणून विचारलं आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सापडले. "अंधारात चुकलो," म्हणाले. वीस वर्षं त्या घरी येत होते. चर्चचा खजिनदार तर उभ्याउभ्या भाव करू लागला, आणि वर म्हणाला, "बायकांना हे असलं घरात ठेवायचं म्हणजे धास्तीच की."

तो गेल्यावर आर्लिसने त्याने आणलेलं भांडं उघडलं. चीज वर साखळून पिवळं झालं होतं. तिने ते तसंच बागेच्या कडेला नेऊन पालथं केलं. शेजारच्या कुत्र्याने वास घेतला आणि तोही निघून गेला.

आता उरला होता मायरन.

मायरन ऑरिनचा शाळेपासूनचा दोस्त. दर शनिवारी दोघं तळघरात काडतुसं भरत बसायचे आणि रविवारी चर्च सुटलं की तिघं मैदानावर जायचे. तिघं, कारण आर्लिसही नेम धरायची. दूरवर लोखंडी कोंबड्या, डुकरं, टर्की आणि मेंढे उभे केलेले असत. गोळी लागली की जनावर टण्णकन आडवं व्हायचं. तिच्या मेंढ्यांचा नेम ऑरिनपेक्षा बरा होता आणि कोंबड्यांचा कुणालाच सांगण्यासारखा नव्हता. कुंपणाशी तीन खुर्च्या: ऑरिन, ती, मायरन. बावीस वर्षं हेच.

ऑरिन गेल्यावर आर्लिसला भीती मरणाची किंवा पैशाची नव्हती. तिला भीती होती त्या रविवारांची. एकटी बाई बंदूक घेऊन गेली तर ही सगळी माणसं तिच्याभोवती घोंगावणार हे तिला दिसत होतं. शेजारच्या खुर्चीत एक तरी सरळ माणूस असला तर ती जाऊ शकणार होती. तो मायरन असेल असं तिने धरून ठेवलं होतं. तळघरातला अर्धा माल त्याला तसाच द्यायचा, आणि शनिवारी दोघांनी मिळून भरायला बसायचं, असा तिचा बेत होता. काम आटोपलं की जेवताना सांगणार होती.

काम म्हणजे तेही रीतीचंच. काडतुसं भरणारा माणूस गेला की त्याचा सर्वांत जवळचा दोस्त येऊन त्याचं टेबल आवरतो. बिनचिठ्ठीच्या बरणीत दारू असेल तर ती कुठली हे आता मेलेल्यालाच ठाऊक, म्हणून ती अंगणात पसरून टाकायची. अर्धवट भरलेली काडतुसं उकलायची. उरलेला चांगला माल क्लबातल्यांना, मेलेल्याने ज्या भावाने घेतला त्याच भावाने द्यायचा, वर एक पैसा नाही. विधवेने तोवर खाली यायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळत.

शनिवारी मायरन आला. बाहेर बारीक रिमझिम होती. त्याने दारातच बूट काढले, आर्लिसला जवळ घेतलं, आणि तिचा हात बराच वेळ सोडला नाही. ती रडली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच, कारण पहिल्यांदाच कुणी तळघराच्या दाराकडे पाहिलं नव्हतं.

तो खाली गेला. ती वर मटाराचं सूप ढवळत राहिली. तासाभराने तो हात पुसत वर आला.

"आर्लिस, एक वाईट आहे," तो खुर्चीत बसत म्हणाला. "त्या टिकल्या गेल्या."

"गेल्या म्हणजे?"

"मेल्या. मागल्या वसंतात तळघरात पाणी शिरलं होतं ना? ओल धरलीय त्यांनी. एकही पेटायची नाही. आणि अशा ठेवणंही बरं नाही. मी घेऊन जातो, तेलात बुडवून शेतात पुरून टाकतो. तू त्याचा विचार करू नको."

"सगळ्या?"

"सगळ्या गं. माझाही जीव तुटला."

आर्लिसला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. मेल्या असतील तर त्यांच्यावर घोंगावणाऱ्या या माशाही जातील. ती म्हणाली, "ने बाबा. आणि मग जेवायला बस."

मायरन खेपा घालू लागला. ती खिडकीशी उभी राहून ताटल्या पुसत बघत होती. त्याने आधी जुनी मासिकं आणली, फुटक्या बरण्या, मोडका तराजू, आणि ते सगळं पिकअपच्या उघड्या मागल्या भागात भिरकावलं. पाऊस त्यावर पडत होता. मग टिकल्यांचे खोके आले. एकेक खोका त्याने दोन्ही हातांनी, अंडी आणावीत तसा आणला. पुढचं दार कोपराने उघडलं. आत सीटवर घोंगडी पसरलेली होती. खोका तिच्यावर ठेवला, वर स्वतःचं जाकीट टाकलं, आणि दार हळूच, न आपटता लावलं. मग शर्टावर पाऊस झेलत पुढचा खोका आणायला आत आला.

आर्लिसच्या हातातली ताटली केव्हाच कोरडी झाली होती, तरी ती पुसत राहिली. मेलेल्या टिकल्यांना पावसात भिजायची कसली एवढी भीती?

आणि मग तिला आठवलं, आठवायचं काही नव्हतंच म्हणा, तिला ठाऊकच होतं. पाणी शिरलं त्या दिवशी ऑरिनने खोके छातीशी धरून वर आणले होते आणि आठवडाभर याच जेवणाच्या टेबलावर ठेवले होते. दोघं उभ्याने ओट्यावर जेवली होती. गेल्या शरदात तिने पाडलेले सगळे मेंढे त्याच टिकल्यांनी पाडले होते.

तिने गॅस बंद केला. मायरन गाडीपाशी असताना ती तळघरात गेली. रीत मोडून. टेबलावर अजून दोन खोके होते. तिने एकातून एक टिकली काढली, चिमट्यासारख्या हत्यारात धरून रिकाम्या पुंगळीच्या बुडाशी बसवली. दारू नाही, गोळी नाही, नुसती पुंगळी. मग ते हत्यार आणि आणखी दोन पुंगळ्या खिशात टाकल्या, आपली रायफल घेतली, मागच्या दाराने बाहेर आली आणि नळी चिखलाकडे करून चाप ओढला.

फटाक.

आवाज लहानच, पण चाबकासारखा. गाडीशी वाकलेला मायरन सरळ झाला.

"कोण आहे?" म्हणाला, आणि मग त्याला ती दिसली.

"एक पेटली," आर्लिस म्हणाली.

"अशी एखादी निघते. नशिबाने."

"मग तू काढून दे. तुझ्या सीटवरच्या खोक्यातली, तुला वाटेल ती."

तो हलला नाही. तिनेच पुढचं दार उघडलं, जाकीट बाजूला केलं, मधल्या खोक्यातून एक टिकली उचलली, खिशातली दुसरी पुंगळी बोनेटवर ठेवून त्याच हत्याराने बसवली, आणि पुन्हा चिखलाकडे नळी करून चाप ओढला. मायरन तिचे हात बघत होता.

फटाक.

"आणखी एक काढू?"

"पुरे," तो म्हणाला. पाऊस त्याच्या टकलावरून कानामागे ओघळत होता. "आर्लिस, हे बघ. मी चोर नाही. माझ्याकडे गेल्या मार्चपासून स्वतःची एक टिकली नाही, ऑरिनच्याच वापरायचो. जत्रेत गेलन काय मागतो ठाऊक आहे ना? मला पेन्शन आहे किती? आता शनिवारी मी रिकामं टेबल बघत बसायचं?"

"मग मागायचंस."

"मागणार होतो. पण दारात सगळी गिधाडं बसलेली. त्यांच्या रांगेत उभं राहायचं माझ्याने होईना."

"म्हणून रांग टाळलीस."

मग तो ते वाक्य बोलला, जे बोलला नसता तर आर्लिसने कदाचित, उन्हाळ्यापर्यंत का होईना, त्याला माफ केलं असतं.

"आणि खरं सांग, तुला त्या लागणार होत्या कशाला? ऑरिन गेला. तू काय आता एकटी येणार आहेस थोडीच? तू यायचीस ती त्याच्यासाठी."

आर्लिसने त्याच्याकडे नीट पाहिलं. बावीस वर्षं हा माणूस तिच्या उजव्या हाताला बसला होता. तिची कोंबडी चुकली की हसायचा, मेंढा पडला की गुडघ्यावर थाप मारायचा. आणि एवढा काळ त्याने जे पाहिलं ते म्हणजे ऑरिनचा डबा उचलून आलेली बायको. गेलनचा राग तरी स्वच्छ होता. गेलन तोंडात घास धरून खोटं बोलतो आणि खोटारड्यासारखा दिसतो. हा माणूस बूट काढून, हात धरून, तिला रडवून मग खोटं बोलला होता.

"खोके खाली ने," ती म्हणाली. "होते तिथे."

"माझे गुडघे..."

"वर आणताना होतेच की तुझ्याजवळ."

त्याने नेले. सगळे, एकेक करून, कठड्याला धरून. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. तिला वाटलं होतं की बघून बरं वाटेल, पण म्हातारा माणूस धापा टाकताना बघून काही बरं वाटत नाही. फक्त किळस आली, त्याची, तळघरातल्या त्या खोक्यांची, आणि थोडी ऑरिनचीही, इतकं साठवून मेल्याबद्दल.

शेवटची खेप झाल्यावर मायरन बूट घालत दारात खाली बसला. नाडी बांधायला त्याला वेळ लागला.

"तू कुणाला सांगणार आहेस?"

"नाही."

"थँक्स, आर्लिस."

"तुझ्यासाठी नाही. सांगायचं म्हणजे ते तोंडात धरावं लागतं."

तो उठला. "रविवारी... येशील तू?"

"येईन. तू खुर्ची दुसरीकडे लाव."

त्या रात्री तिने सूप थंडच प्यायलं, सकाळी चर्चमधून परस्पर मैदानावर गेली. कुंपणाशी तिने एक खुर्ची मांडली. मायरन पार टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ बसला होता, मांडीवर रिकामी बंदूक, घरच्या माणसांनी आणून सोडलेल्या पाहुण्यासारखा. कुणी विचारलं तर "ऊन लागतं तिकडे" असं सांगत होता. ऊन नव्हतंच.

आर्लिसच्या पहिल्या दोन कोंबड्या चुकल्या. तिसऱ्या गोळीला टण्णकन आवाज आला. तिने खटका मागे ओढला, पुंगळी बाहेर उडाली आणि गवतात पडली, गरम, सोनेरी. बाजूच्या रांगेतून गेलन वाकला. त्याला सवयच होती. दुसऱ्यांच्या पुंगळ्या तो वेचून देतो म्हणायचा आणि त्यातल्या निम्म्या खिशात टाकायचा.

"राहू द्या, मी उचलतो," तो म्हणाला. "तुम्हाला वाकायला त्रास होईल."

त्याची बोटं पोचायच्या आधी आर्लिसने पुंगळीवर बूट ठेवला. गेलन तसाच ओणवा राहिला, तिच्या बुटाकडे बघत. तिने घाई केली नाही. पुढचं काडतूस भरलं, रायफल खांद्याला लावली, आणि पाय न हलवता चौथ्या कोंबडीवर नेम धरला.