डोक्यावरचा रुमाल

"रुमाल काढ रे डोक्यावरचा. आणि हळू बोल. दिसत नाही, दिवस गेलेत तिला?"

आईचं हे बोलणं मुहदारनं ऐकलं तेव्हा तो तिच्या कमरेलाही लागत नव्हता. 'ती' म्हणजे लवंग. कळ्या धरल्या की झाड गर्भार. मग त्याच्याखाली ओरडायचं नाही, पेटती मशाल न्यायची नाही, पुरुषानं उघड्या डोक्यानंच जायचं. आई कळ्या खुडताना गुणगुणायची,

लवंगेच्या खाली। पाऊल हळू टाक।
कळीला गं जाग। येऊ नये॥

आई गेली, मागोमाग झाडंही गेली. तर्नाते बेटाच्या सुलतानानं वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, कंपनीशी करार केला. सुलतानाला दरसाल चांदी मिळणार आणि त्याच्या बेटांवरची लवंग मुळासकट तुटणार. लवंग पिकेल ती फक्त कंपनीच्या बेटावर. मशिदीपुढं तो करार वाचून दाखवला, तेव्हा लोक जमवायला ढोल वाजवला तो मुहदारनंच. बापाकडून आलेलं काम होतं. लपवलेली झाडं हुडकायला मोसमागणिक लांब होड्यांचा तांडा निघे, त्यातही वल्ह्यांना ताल मुहदारच्या ढोलाचा.

या खेपेला निघताना लेकीनं, रमलानं, सागूची भाकरी आणि सुकी मासळी बांधून दिली. पोटानं ती अवघडलेली होती.

"बाबा, माकियानला जाणार का?"

"छे गं. तिकडं काय उरलंय आता?" असं म्हणत त्यानं गाठोड्याची गाठ उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली.

माकियान बेट म्हणजे रमलाचं आजोळ. ती जन्मली त्या दिवशी तिथल्या घळीत मुहदारनं लवंगेचं रोप लावलं होतं. मूल झालं की झाड लावायचं, आणि झाड उभं आहे तोवर मुलाला काही होत नाही, असं सगळ्या बेटांवर मानत. मागच्या कुठल्याच तांड्याला ते झाड सापडलं नव्हतं. त्याची जागा दोघांनाच ठाऊक: मुहदारला, आणि त्याच्या सासूला, मैमुनाला.

नावा माकियानच्या वाळूला लागल्या.

"काय मुहदारभाई, सासुरवाडीला आलास आणि हात हलवत?" एका वल्हेकऱ्यानं टोमणा मारला.

"हात हलवत कसा? कुऱ्हाडी आणल्यात की आहेराला," नावेचा तांडेल सामिउन म्हणाला. कुणी हसलं नाही.

मैमुनानं सगळ्यांना पाणी दिलं, वलंदेज सार्जंटलाही. त्यानं झाडांचं विचारताच ती म्हणाली, "झाडं कसली साहेब? बुंधे उरलेत. त्यांच्यावर मासळी वाळत घालतो आम्ही. हवी तर न्या."

तरी सार्जंटनं सगळ्यांना डोंगर चढायला लावला. म्हातारीलाही वाट दाखवायला घेतलं. ढोल गळ्यात अडकवून मुहदार पुढं होता. घळीच्या तोंडाशी वारा फिरला. ओल्या पानांतून तो वास आला, गोड आणि तिखट, आईच्या ओच्याला यायचा तसा. मुहदारच्या मनात काही येण्याआधीच हात वर गेला. रुमाल उतरला आणि छातीशी आला.

मागं बुटांचा आवाज थांबला.

"हा रुमाल का काढलास?" सार्जंटनं मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं.

"घाम... घाम आला, साहेब."

"घाम सगळ्यांनाच आलाय. रुमाल तुझाच उतरला." तो मनापासून हसला. "तुमची झाडं शोधायला मला कष्टच नाहीत. तुमचे रुमाल दाखवतात ती."

मैमुनानं जावयाकडं एकदाच पाहिलं. तिनं शिवी हासडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

झाड भरात होतं, शेंड्यापर्यंत कळ्यांनी लवलेलं. कुऱ्हाडी एका तालात पडाव्यात म्हणून ढोल लागायचा. मुहदारनं टिपऱ्या घेतल्याच नाहीत. बोटांनीच तो चामड्यावर हळूहळू वाजवू लागला.

"नीट वाजव," सासू म्हणाली. "मारायचंच आहे तर गोंजारतोस कशाला?"

त्यानं टिपऱ्या उचलल्या.

झाड आडवं झालं तेव्हा कच्च्या कळ्यांचा सडा पडला. पाय ठेवायला जागा नव्हती, तरी लोक त्यावरूनच चालले.

"कुणाचं झाड हे?" सार्जंटनं विचारलं. "ज्याचं असेल तो माझ्याबरोबर कोटात, कैदेत येईल."

मुहदार ढोलाचा पट्टा सारखा करू लागला.

"रानातलं आहे," मैमुना म्हणाली. "कुणाचं नाही."

"आणि घळ?"

"घळ माझी."

"मग तूच चल."

ती निघाली. तिच्या मागोमाग मुहदार. त्यानं रुमाल कधी पुन्हा डोक्याला बांधला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

नावेत सामिउननं म्हातारीला ढोलाजवळ सावलीत बसवलं. "इथं बसा आजी, ऊन लागायचं नाही." ती बसली. मग मुहदारकडं न बघता, पाण्याकडं तोंड करून हलकेच म्हणाली, "तू बोलू नकोस. पोर अवघडलीय. तिला बाप हवा. माझं काय, आज आहे उद्या नाही."

मुहदारला एकदम हलकं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून घेतल्यासारखं. आणि त्या हलकं वाटण्याचीच त्याला इतकी लाज वाटली, की झाड पडतानाही तेवढी वाटली नव्हती. आपण हेच ऐकायला घळीपासून थांबलो होतो, हे त्याच्या ध्यानात आलं.

वल्ही वर उचलली गेली. सगळे ढोलाच्या पहिल्या ठोक्याची वाट पाहत होते. वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होतं.

"वाजव की रे!" सामिउन ओरडला. "हात दुखायला लागले."

मैमुनाच्या पांढऱ्या केसांत एक हिरवी कळी अडकली होती. तिला ते माहीत नव्हतं. मुहदारनं ती काढायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मग त्यानं टिपऱ्या ढोलावर आडव्या ठेवल्या, डोक्यावरचा रुमाल उतरवला आणि उभा राहिला. नाव डुलली. सार्जंटनं वळून पाहिलं.

"साहेब, म्हातारीला उतरवा," तो म्हणाला. "ते झाड रमलाचं. माझ्या लेकीचं. मी लावलं होतं."