'खराब' लिहिलेली कॅसेट

बिघडलेली वस्तू दिसली की ती उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही. टेप दुरुस्त करण्यात उभी हयात गेली, आणि याच गुणापायी बावीस वर्षांपूर्वी मी माती खाल्ली.

दादाने तेव्हा जपानहून टपालाने दोन कॅसेट मागवल्या होत्या, एक त्याला, एक मला. त्यात नुसता गोंगाट. ना सूर, ना ताल. "नीट ऐक ना, मिस्त्रीणबाई," तो म्हणाला. मी कसली ऐकतेय! मला वाटलं, माल खराब निघाला, बिचाऱ्याला फसवलं. त्याची कॅसेट गुपचूप उचलली, तिच्यावर पुन्हा भरता यावं म्हणून पाठीवरच्या खाचांना चिकटपट्टी लावली आणि दोन दिवस खपून, माझ्या कॅसेटमधली सगळी खरखर गाळून बाकीचं त्याच्या कॅसेटवर भरलं. उरली फक्त लांबून कुणी दार ठोठावतंय अशी धडधड. मोठ्या ऐटीत नेऊन दिली. वर सांगितलं, "माझी तर फेकूनच दिली."

दादा चिडला नाही. "छान केलंस," एवढंच म्हणाला. पण त्यानंतर त्याने मला एकही गाणं ऐकवलं नाही. फोनवर आम्ही बोलतो ते गुडघ्यांबद्दल. तो गोंगाट हेच ते संगीत होतं, हे मला पुढे कळलं. पण तोवर इतकी वर्षं गेली होती की माफी मागायला तोंड उघडेना.

परवा गिऱ्हाइकाचा डेक तपासायला खणातली एक कॅसेट काढली. वर माझ्याच अक्षरात 'खराब'. डेकने खाल्ली तरी हळहळ नको, म्हणून तीच लावली.

गेलं वर्षभर माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजतेय. डॉक्टर म्हणतात, सवय करून घ्या. बटण दाबलं आणि शिट्टी त्या जुन्या जपानी गोंगाटात बुडाली. इतकं बरं वाटलं की मी तशीच बसून राहिले, काहीही दुरुस्त न करता. दहा मिनिटांनी कान सरावला. खाली जाडा घुमारा होता, वर किरकिर, आणि मधून कुणीतरी मोठ्या धीराने एकच आवाज चढवत नेत होतं. दादाला हे मला ऐकवायचं होतं! मला रडूच आलं.

लगेच फोन लावला. "दादा, माझी कॅसेट मी फेकली नव्हती. खोटं बोलले. आणि तुझी मी बिघडवली रे."

तो एवढंच म्हणाला, "येतो."

दुपारी आला, स्टुलावर बसून एक अख्खी बाजू डोळे मिटून ऐकली. मग खिशातून स्वतःची कॅसेट काढली.

"आण, हिच्यावर मूळचं भरून देते."

"हात लावशील तर बघ!" त्याने स्वतःच ती लावली. तीच लांबची धडधड. आणि शेवटी, मी पार विसरलेला, माझाच तेव्हाचा आवाज: "हॅलो, हॅलो. दादा, सगळी घाण काढलीय बघ. आता सुखाने ऐक."

"राग खूप होता," दादा म्हणाला. "पण हे पुसवेना."

मूळचं त्याला वेगळं भरून द्यायला मी खणातून एक कोरी कॅसेट काढली.