बकुळ की तुळस

"पुन्हा तुळसच टाकायची का गं? माझं झाड ओकंबोकं झालं या अमेरिकन मढ्यांपायी!"

अंबूताई कुजबुजत होत्या; पण धरणावरच्या दवाखान्यात जन्म काढलेल्या नर्सची कुजबुज ती, भिंतीपलीकडच्या पेशंटलाही कळावी अशी.

"हळू बोला हो. ठरलंय ना आपलं?" शेजारच्या माणिकवहिनी म्हणाल्या.

दाराआड चहाचा ट्रे धरून शरयू उभी होती. तिन्ही कपांत एकेक वलय उमटलं, थरथरलं, विरलं.

बाहेर माघाची दुपार. धरणाचं पाणी काठापासून मागे सरलेलं. सरता सरता ओल्या मातीवर रेघांमागून रेघा ठेवून गेलेलं, जशी एखादी मानिनी उठून जाताना अंथरुणावर चुण्या ठेवून जाते. पाण्यावर ऊन होतं, उन्हात धूळ होती, आणि धुळीत एक पिवळसर, पेंगुळलेलं, पराधीन मौन होतं.

धरणावरची वसाहत रिकामी होत होती. घराघरांची दारं निघाली, खिडक्या निघाल्या. उरल्या त्या चौकटी, आणि चौकटींतून दिसणारं निळंभोर, निर्विकार, निरुत्तर पाणी. फाल्गुन सरायच्या आत सगळ्यांनी जायचं होतं. शरयूची बहीण मिरजेहून बोलावून बोलावून थकली. शरयू हलत नव्हती. नवरा, श्रीनिवास, परतला तर याच दाराशी येईल. दुसरं दार त्याला ठाऊक कुठे होतं?

चार वर्षांपूर्वी एका कार्तिकी पहाटे तो पाण्याची पातळी मोजायला होडीतून गेला. होडी परत आली, ती वाऱ्याने आणली. तीत त्याच्या चपला होत्या. जोडीने, टाचेला टाच लावून ठेवलेल्या. वसाहतीने त्या चपलांना हात जोडले. शरयू त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. घरात आल्या आल्या एक चप्पल पूर्वेला अन् एक पश्चिमेला भिरकावणारा माणूस! त्या दिवशी तिच्या मनात एक काटा शिरला. तो निघाला नाही, आणि तिने तो कुणाला दाखवलाही नाही.

मग ते पुस्तक आलं. क्लबाच्या मोडक्या लायब्ररीतून तिने ते पदराखाली उचलून आणलं होतं. धरण बांधताना आलेल्या कुणा अमेरिकन इंजिनिअरच्या बायकोने मागे ठेवलेलं. अर्धं प्रेमकवितांचं, अर्धं शोककवितांचं, एवढं मलपृष्ठावरून कळत होतं. बाकीचं वाळवीने भोगलं होतं: मथळे, कवींची नावं, पानांचे आकडे. शिवण उसवून पानांत पानं मिसळली होती. कोण कुणाच्या मिठीत आणि कोण कुणाच्या मातीत, सगळी कालवाकालव.

ती पानं लावायला दर शनिवारी दुपारी तिघी बसत. शरयूचं इंग्रजी म्हणजे डिक्शनरी आणि हट्ट या दोनच गुरूंकडे शिकलेलं. ती एक पान वाचे, मराठीत सांगे. मग तिघींनी न बोलता ताम्हनात टाकायचं: कवितेतलं प्रेमाचं माणूस जिवंत असेल तर सुकलेली बकुळ, गेलेलं असेल तर तुळशीचं पान. बकुळी जास्त पडल्या की पान प्रेमाच्या गठ्ठ्यावर, तुळशी जास्त पडल्या की शोकाच्या.

आधी सगळी बकुळच होती. कुंपणावर विसरलेल्या हातमोज्यांत बर्फ साचतंय, साचतच चाललंय, अशी कविता आली, तरी दोघी शरयूच्या तोंडाकडे बघून बकुळ टाकत. "येईल गं, मोजे न्यायला येईलच की तो!"

आणि यंदा दिवाळीनंतर, अंबूताई गदगहून भाचीचं लग्न उरकून आल्या तेव्हापासून, अमेरिकेत जणू पटकीची साथ आली. शेताच्या बांधावर गाणारा गेला. स्टेशनावर छत्री घेऊन उभी असलेली गेली. शेजारच्या खोलीत दाढी करता करता गुणगुणणारा, तोही गेला!

"अहो, गुणगुणतोय ना तो?" शरयूने तेव्हा विचारलं होतं.

"आठवण आहे ती," अंबूताई खिडकीकडे बघत म्हणाल्या होत्या. "गेलेलीच माणसं इतकी स्पष्ट ऐकू येतात."

वाक्य सुंदर होतं. म्हणूनच शरयूला ते खोटं वाटलं. अंबूताई सुंदर बोलत नसत.

तेव्हापासून ती पानांपेक्षा माणसं वाचू लागली. माणिकवहिनींच्या बोटांची घाई वाचू लागली, अंबूताईंच्या पापण्यांची चाल वाचू लागली. दोघींमधून जाणारी ती नजर, सापासारखी सळसळती, सापासारखीच क्षणात बिळात शिरणारी, तीही वाचू लागली. मात्र तिचा अर्थ कुठल्याच डिक्शनरीत नव्हता.

आज तिने पान निवडून ठेवलं होतं. चहा दिला, पदर सावरला, आणि सांगू लागली.

"बाई जागी आहे. नवरा शेजारी झोपलाय, घोरतोय. त्याचे गार पाय हिच्या पोटऱ्यांना टेकलेत. खिडकीबाहेर मक्याचं शेत, मक्यावर चंद्र. ही म्हणते, हा आवाज मला सोसवत नाही. आणि थांबला तर झोप लागत नाही."

ताम्हन पुढे सरकलं. माणिकवहिनींनी तुळस टाकली. अंबूताईंचा हात जरा अडखळला, घुटमळला. मग त्यांनीही तुळस टाकली.

"मेलेलं माणूस घोरतं का हो, अंबूताई?"

"कफ असतो तो," अंबूताई म्हणाल्या. "शेवटी शेवटी छातीत साठतो."

माणिकवहिनी फस्सकन हसल्या. ते हसू दिवा फुंकरावा तसं विझलं, आणि विझल्यावर त्याची काजळी तेवढी तिघींत उरली.

शरयूने ताम्हनात पाहिलं. जुन्या बकुळीच्या भुग्यावर हिरवी दोन पानं. ओलसर, निमूट, निष्ठुर. तिने आपली बकुळ उचलली, हुंगली, बाजूला ठेवली. आणि तिसरं पान स्वतःच्या हाताने टाकलं.

"बरं बाई. तुम्ही दोघी शहाण्या, मीच खुळी. गेला तर गेला. जाते मी मिरजेला."

माणिकवहिनींनी सुस्कारा सोडला. तो इतका लांब, इतका तयार, इतक्या दिवसांचा मुरलेला होता, की शरयूच्या मनातला काटा खोल, अगदी खोल हलला.

"मग हे तरी गळ्यात कशाला?" ती हळूच म्हणाली, आणि तिचा हात मानेमागे गेला.

पाण्यावरचं ऊन थबकलं. दाराच्या चौकटीत वारा थबकला. काळ्या मण्यांच्या दुपदरी पोतीमागे दोन बोटं हूक चाचपू लागली. समोर अंबूताईंचे हात मांडीवर पडले होते. याच हातांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात कितीजणींच्या मनगटांवरून बांगड्या उतरवल्या होत्या. तेल लावून, हळुवार, कातडीला ओरखडा न उमटू देता. ते हात आता मांडीवरून उठले.

"अंबूताई, नको हं," माणिकवहिनी पुटपुटल्या. "ठरलंय आपलं."

"मसणात गेलं तुमचं ठरलेलं!" अंबूताईंनी झेप घालून शरयूचं मनगट धरलं. "थांब गं पोरी. त्याच्या नावाने विधवा नको होऊस. मेलेल्यासाठी तुला रडता आलं असतं, मोकळं होता आलं असतं, एवढंच बघितलं आम्ही."

 शरयूची नजर तेवढी विचारत होती. चार वर्षं विचारत होती.

"जिवंत आहे तो," अंबूताई म्हणाल्या. "गदगला आहे. दुकान टाकलंय, घर केलंय. खांद्यावर पोर होती, त्याच्याच नाकाची. आणि दुकानाच्या पायरीवर चपला... एक इकडे, एक तिकडे."

त्यांनी मनगट सोडलं. पण शरयूचा हात खाली आला नाही.

हूक निघाला. चार वर्षं जपलेले काळे मणी गळ्यावरून ओघळले, ओंजळीत उतरले, ओंजळीतून ताम्हनात झरले. तुळशीवर झरले, बकुळीच्या भुग्यावर झरले. आणि दाराच्या चौकटीत ते निळं, निरुत्तर पाणी आणखी एक रेघ ठेवून काठापासून मागे सरलं.