ठोके वाढले की गाणं बदलतं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा तोंड बघून घ्यावं इतका चकचकीत होतो. काका-काकूंनी लग्नानंतरची पहिली मोठी खरेदी म्हणून मला घरी आणलं आणि त्यांचं पहिलं भांडणही माझ्यावरूनच झालं.

काका दिवसभर टेबलाशी बसून छापखान्याची मुद्रितं तपासत. त्यांना संथ गाणी आवडत. काकूंच्या पायाला मात्र भिंगरी. पाणी भरा, कपडे पिळा, जिने चढा-उतरा. त्यांना धडाक्याची गाणी हवी असत.

"अगं, काय हा धिंगाणा! डोकं उठलं माझं," काका ओरडत.

"एक तरी गाणं पुरतं ऐका हो माझ्याबरोबर," काकू म्हणत.

काकांनी कधीच ऐकलं नाही. शेवटी काकूंनी माझा नाद सोडला. मी माळ्यावर धूळ खात पडलो.

एका दुपारी काकू जिन्यातच कोसळल्या, त्या उठल्याच नाहीत. पुढे काकांनाही हृदयाचा झटका आला. लेकीने त्यांना हृदयरोग्यांच्या व्यायामवर्गात घातलं आणि कॅसेटींसकट मला तिथेच देऊन टाकलं. तिथल्या ताई मनगट धरून ठोके मोजत आणि त्याप्रमाणे गाणं बदलत.

पहिल्या दिवशी काका चालायच्या पट्ट्यावर चढले. "काहीतरी संथ लावा बुवा," म्हणाले. ताईंनी लावलं. थोड्या वेळाने काकांना घाम फुटला, छाती धडधडू लागली आणि ते वैतागले.

"अहो, हे काय रडगाणं! याच्यावर पाय उचलत नाहीत. जोरकस लावा की!"

ताईंनी हाताला लागली ती कॅसेट घातली. ती काकूंची होती. काकांची पावलं आपोआप तालात पडू लागली.

ताई हसल्या. "ठोके वाढले की बहुतेकांना असलीच गाणी हवी होतात, काका."

काकांनी पट्टा थांबवला.

"म्हणजे आमची आवड वेगळी नव्हतीच," ते म्हणाले. "ती राबत होती आणि मी बसलेलो होतो. तिचे ठोके कुणी मोजलेच नाहीत हो."

गाणं संपेपर्यंत ते रडत होते. मला फार वाईट वाटलं, पण वाजत राहण्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

मित्रांनो, घरात कुणी मोठ्याने गाणं लावलं, तर ओरडण्याआधी ते माणूस काय करतंय ते बघा. उठा आणि त्याच्या हातातलं थोडं काम घ्या. काका आता घरातलं सगळं काम स्वतः करतात, पण ज्यांच्या हातून ते घ्यायचं होतं, त्या काकू राहिल्या नाहीत.