पाच एमएल

माझी धाकटी जाऊ दिव्यानी सावलीजवळच्या गावात राहते, आम्ही लांब, माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत. तिच्या लेकीला, संघप्रियाला शिंक आली तरी पहिला फोन मला. "ताई, तुमी शिकेल हाव," म्हणायची. बीएस्सी झालेय मी, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला बरं वाटायचं.

त्या सकाळीही तिचाच फोन.

"ताई, पोरगी लय तापली. औषध हाय घरी. किती पाजू?"

मी घाई केली नाही. एकेक विचारलं. ताप किती? एकशे दोन. वजन? अंगणवाडीत नऊ किलो भरलं. आधी काही पाजलंस? नाही. पाणी पितेय, डोळे नीट उघडतेय? हो. मग कागदावर गुणाकार केला, दोनदा तपासला आणि सांगितलं, "पाच एमएल. सहा तासांच्या आत पुन्हा नाही. आणि घरातल्या चमच्यानं नको, मापानंच दे."

"हौ ताई."

माझा नवरा राजदीप ड्यूटीवर निघाला होता. चपला घालता घालता म्हणाला, "नूतन डॉक्टरीनबाई, फी घेत जा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दिव्यानी. आवाज मोकळा झालेला. "ताप उतरला ताई. पण ह्या बाटल्या काऊन इतक्या लहान देतेत? तीनदा पाजली न संपली."

तीनदा म्हणजे पंधरा एमएल. माझ्या लेकाचं, आयुषचं तापाचं सिरप साठ एमएलचं असतं. पंधराची बाटली म्हणजे...

"दिव्यानी, कशानं पाजलंस गं?"

"त्याच्यातल्या ड्रॉपरनं. एका टायमाले पाच येळा भरून. लय तरास देते, थुकते."

तान्ह्या लेकरांना थोड्याच थेंबांत पाजता यावं म्हणून ते ड्रॉप्स सिरपच्या चौपट तेज असतात. गुणाकार बरोबर होता माझा, पण तो सिरपचा होता. ताप विचारला, वजन विचारलं, बाटली कोणती ते विचारलंच नाही.

"आत्ताच्या आत्ता गडचिरोलीच्या दवाखान्यात ने तिला. रिकामी बाटली सोबत घे. किती किती वाजता पाजलं ते डॉक्टरला सांग."

"पण ते तं खेळून राह्यली, ताई."

"खेळत असली तरी ने."

आम्ही दुपारी पोहोचलो. संघप्रियाच्या इवल्या हाताला सलाईन लावलेलं, त्यातून जास्त झालेल्या औषधावरचा उतारा चालू होता. रक्त तपासायला गेलं होतं. डॉक्टर बाटली उलटसुलट करून बघत होते. "लिव्हरला त्रास झाला तर तो दोन-तीन दिवसांनी दिसतो. तोवर लेकरू खेळतंच. वेळेत आणलंत, ते बरं केलं. पण हिला पाच एमएल द्यायला कुणी सांगितलं?"

दिव्यानीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"माहंच चुकलं," ती म्हणाली. "मी बराबर वाचलं नाई."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलं नाही.

डॉक्टर गेले तसा माझा दीर अजय तिच्यावर तुटून पडला. "तुहे डोळे फुटले होते का? बाटलीवर लिहून रायते ना!" सासूबाई तर पदर तोंडाला लावूनच बोलत होत्या, "बारावी झाली म्हणे! पाजायच्या आधी नूतनले एक फोन करायले हात मोडले होते का इचे?"

दिव्यानी सलाईनचे थेंब बघत राहिली. तीन दिवस हे चाललं. मी डबे आणले, दुपटी धुतली, रात्री जागले. बोलले मात्र नाही. आता सांगू, रिपोर्ट आला की सांगू, असं करत राहिले.

तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट चांगला आला. चौथ्या दिवशी सुट्टी झाली. गावी येऊन सगळे जेवायला बसले तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, "पाच एमएल मी सांगितलं होतं. दिव्यानीनं फोन केला होता. बाटली कोणती ते मीच विचारलं नाही."

अजयचा घास हातातच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे बाई. माणसाच्या हातून होते. तूच तं दवाखान्यात धाडलं, म्हून वाचली पोरगी."

"हौ वहिनी, तुमी मनाले नोका लावू," अजय म्हणाला. राजदीपनं पाण्याचा गिलास माझ्यापुढे सरकवला.

झालं. मिनिटभरात मला माफी. तीच चूक तीन दिवस दिव्यानीची होती तेव्हा ती लेकराच्या जिवावर उठलेली आई होती. माझी ठरली तशी ती माणसाच्या हातून होणारी चूक झाली. तिला कुणी 'आमचं चुकलं' म्हणालं नाही. सासूबाईंनी तिला भात आणायला सांगितला.

ती माझ्या ताटात भात वाढायला वाकली तेव्हा मी हळूच म्हणाले, "दवाखान्यातच बोलायला पाहिजे होतं गं मी."

"तुमी बोलान असं वाटलं होतं मले, ताई," ती म्हणाली, आणि अजयच्या ताटाकडे गेली.